मिक्सर मावशी आणि बाबांचा आकडा

माझी आई खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की बाई पक्की लबाड आहे. ती खोटं बोलत नाही, ती फक्त सांगत नाही. आता ह्या दोन्हींत फरक काय, असं मला विचारू नका. गेले कितीतरी दिवस मी तोच विचार करतेय आणि डोक्याचा नुसता भुगा झालाय.

आई एका पाळणाघरात स्वयंपाक करते. सव्वीस वर्षं झाली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची चाळीस पोरं, तळमजल्यावर त्यांची मोठी खोली, आणि मागे आईचं स्वयंपाकघर. मधल्या भिंतीत एक बुटकी खिडकी आहे, तिथून ताटल्या पलीकडे सरकवायच्या. सकाळी नऊला तिचा मिक्सर सुरू होतो तो अकराशिवाय थांबत नाही, म्हणून पोरं तिला मिक्सर मावशी म्हणतात. पोरांचे आईबापही तेच म्हणतात. तिचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

मिक्सरमध्ये काय जातं, ते मात्र कुणालाच कळत नाही. हीच तर आईची सगळी विद्या. दुधी, भोपळा, पालक, कोबीची बाहेरची जाड पानं, जे जे पोरं थू करून टाकतात ते ते सगळं ती वाटते आणि पोरांना आवडणाऱ्या गोष्टींत घालते. तिचे नियम ठरलेले. हिरवा रंग लपवायचा तर बीट घालायचं. बीट लपवायचं तर टोमॅटो घालायचा. टोमॅटो कुणापासून लपवावा लागत नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, तो ती पहिल्याच महिन्यात शिकली म्हणे : खाणाऱ्याला सांगायचं नाही. कधीच नाही. ताटली रिकामी झाल्यावरही नाही, कारण आज सांगितलं तर उद्या तोंड मिटतं.

"दोन वर्षांचं पोर म्हणजे पोट त्याच्या मुठीएवढं," ती मला सांगायची. "त्यात दिवसभर दूध दूध ओतलं की झालं. गुबगुबीत दिसतं, पण हिरड्या बघ, पांढऱ्याफटक. आया म्हणतात, आमचं बाळ किती शांत! अगं, शांत नाही ते, त्याच्या अंगात रक्त नाही!" अशी पोरं ती खिडकीतून हेरायची आणि दोन-तीन महिने गुपचूप वाटून-घाटून घालायची. मग एक दिवस तेच पोर दुसऱ्याच्या हातातली गाडी हिसकावून बोंबलायला लागलं की आई ओट्यापाशी उभी राहून खूश. आईबाप म्हणायचे, बाळ हल्ली फार मस्ती करतं. आई ताकास तूर लागू द्यायची नाही.

तर अशा बाईच्या घरी मी पोटुशी असताना, पाचव्या महिन्यात राहायला आले. माझा नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, सहा महिन्यांसाठी त्याला लांब पाठवलेलं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते. ते दुकान आईबाबांच्या घरापासून जवळ, म्हणून मीच म्हटलं की तोवर तुमच्याकडेच येते. आईला काय, आनंदाचं भरतं आलं. बाबांनी माझ्यासाठी कपाट रिकामं केलं आणि त्यातली जुनी वह्या-पुस्तकं स्वतःच्या उशाशी रचली.

बाबा बाइंडर आहेत. पुस्तकं शिवतात, पुठ्ठे चढवतात, कार्यालयांची जाडजूड रजिस्टरं बांधतात. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं छोटं दुकान आहे, आत शिरलं की खळीचा आणि कागदाचा वास. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातली एक झडप बदलली. धातूची बसवली. शांत खोलीत त्यांच्याजवळ बसलं तर ती टिकटिकते, खरंच ऐकू येते. ह्या झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, ती जन्मभर. आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला दर महिन्याला तपासणी. तिचा जो आकडा येतो तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी होऊन झटका यायची भीती, वर गेला तर रक्त वाहत राहायची भीती. आमच्या घरात "आकडा" म्हटलं की तो हाच. सहा वर्षं तो गुणी बाळासारखा तीनच्या आसपास बसून होता.

मी आले आणि फ्रिजवर एकाचे दोन कागद झाले. एक बाबांचा, जुना, पिवळा पडलेला. त्यात लिहिलेलं : हिरव्या पालेभाज्या जपून. त्यातल्या एका जीवनसत्त्वामुळे गोळीचा जोर कमी होतो. दुसरा माझा, नवा. माझं रक्त नऊवर आलं होतं, बाराच्या जवळ हवं. त्यात लिहिलेलं : हिरव्या पालेभाज्या भरपूर. आता बोला! एकच जुडी, तीच पानं, मला औषध आणि बाबांना अपथ्य. पुढे आणखी गंमत. लोहाची गोळी दुधाबरोबर नको, पण दूध तर हवंच, हाडांसाठी. चहा जेवणावर नको, लोह शोषलं जात नाही. लिंबू चालेल, लिंबू उलट मदतच करतं. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. मी म्हटलं, ही जेवणं आहेत की गाड्यांचं वेळापत्रक? शेजारच्या काकूंनी येऊन सांगितलं की पहिले महिने उलटून गेलेत, आता जे मन मागेल ते खा. नवरा फोनवर म्हणाला, फळं खा, फळांना कुणी नाही म्हणत नाही. दुकानातल्या मालकांच्या बायकोने तिच्या मावससासूचं ऐकवलं. कुणाचं म्हणून खरं धरायचं? एक ना धड, भाराभर चिंध्या.

आईने मात्र दोन्ही कागद शांतपणे वाचले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक वेगळा केला. बाबांचं पातेलं वेगळं, माझं वेगळं. कालथेसुद्धा वेगळे. बाबांच्या पातेल्यात हिरवं पान पडणार नाही म्हणजे नाही. इतकी काटेकोर, की शस्त्रक्रियेची खोली बरी.

आणि मला पाला बघवत नव्हता. लहानपणापासूनच मी त्याच्यावर रुसलेली, पण आता तर पालक शिजण्याचा नुसता वास आला तरी मी मोरीकडे धावायचे. पहिल्या आठवड्यात आईने दोनदा भाजी केली, दोनदा मी ओकले. तिसऱ्यांदा तिने केली नाही. काही बोललीही नाही. त्याऐवजी ताटात कटलेट आले. लालबुंद, कुरकुरीत, छान गोल.

"कसले गं?"

"बीटाचे."

बीटाचेच होते ते. खोटं नाही बोलली.

पण मला तेही जाईनात. बीटाची ती मातकट चव, आणि तिच्याखाली आणखी काहीतरी कडवट, जिभेला कळे पण नाव सांगता येईना. मला वाटलं, माझीच जीभ बिघडली, पोटुशीपणात होतंच असं. सकाळी दोन कटलेट डब्यात, रात्री दोन ताटात. फेकून द्यायचे तर आईचा जीव तुटणार. तिने पहाटे उठून तळलेले. मग मी काय केलं? सकाळी दुकानात जाताना वाटेत बाबांच्या दुकानात डोकवायचे आणि डब्यातले दोन त्यांच्या खळीच्या भांड्याशेजारी ठेवायचे. रात्री आई स्वयंपाकघरात असताना ताटातले दोन त्यांच्या ताटात सरकवायचे. बाबा एका घासात एक. त्यांचं स्वतःचं जेवण म्हणजे भात, उकडलेला बटाटा, अंडं, सगळं कसं सात्त्विक आणि बेचव. कटलेट म्हणजे त्यांना चैन वाटायची.

"तुला नको तर मी आहे ना," ते डोळा मारून म्हणायचे. "तुझ्या आईला कशाला दुखवायचं?"

आम्ही दोघांनी फ्रिजवरचा कागद मुद्दाम बघितला होता, बरं का. बाबांच्या कागदावर बीट चालतं असं स्पष्ट लिहिलेलं. तेव्हा आमचं मन साफ. आई रिकामं ताट उचलायची, माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "शहाणी माझी बाय." मला लाज वाटायची, पण सकाळी डबा उघडला की लाज पळून जायची.

तीन आठवड्यांनी बाबांचा आकडा आला एक पूर्णांक नऊ.

सहा वर्षांत इतका खाली कधी आला नव्हता. तपासणीच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्या तक्त्यावर दर वेळी एक ठिपका देतात. त्यांनी ठिपका दिला आणि चष्म्यावरून बघितलं. "गोळी चुकवली का काका?" बाबा म्हणाले, छे. "पालेभाज्या वाढल्या का?" आई सोबत होती. ती ताडकन म्हणाली, "अहो सिस्टर, यांच्या ताटात हिरवं पान पडत नाही! मी स्वतः वेगळं करते." तेही खरंच होतं. तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घालून गोळीचा डोस वाढवला.

दोन आठवड्यांनी आकडा एक पूर्णांक सात. डोस आणखी वाढला.

आता घरात सगळ्यांचीच झोप उडाली. बाबा रात्री उठून स्वतःचे हात हलवून बघायचे, तोंड वाकडं झालंय का म्हणून आरशात बघायचे. झटका येताना आधी तसं होतं असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. आईने त्यांच्या पातेल्यातून कोथिंबिरीचं टोकसुद्धा काढून टाकलं. मग काकडीचं साल काढून टाकलं. मग, हिरवा तो हिरवाच, म्हणून वाटाणे गेले. बाबांचं ताट पांढरंफटक दिसायला लागलं. आणि आकडा काही वर येईना. मी गोळीची पाकिटं मोजली, एकही कमी-जास्त नव्हती. मी औषधाच्या दुकानदाराशी भांडले, म्हटलं तुम्ही नकली गोळ्या देता. तो बिचारा कानावर हात ठेवून उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं आमचं चाललेलं. आणि रोज सकाळी मी खळीच्या भांड्याशेजारी दोन कटलेट ठेवतच होते. उलट जरा प्रेमानेच, कारण बाबांचं ते पांढरं ताट बघून मला त्यांची फार दया यायची.

माझंही रक्त वाढेना. नऊवरून साडेआठ. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाला खाताय ना?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "खाते हो, पोटभर खाते." आणि माझ्याकडे अशी बघून हसली की जणू आमच्या दोघींचंच काही गुपित आहे. मी चक्रावले. ही कशाबद्दल बोलतेय? मग वाटलं, माझी बाजू सावरून घेतेय. मीही हसले. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्यांदा डोस वाढवल्यावर आकडा कसाबसा दोन पूर्णांक सातवर आला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. त्याच आठवड्यात मला बारा दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी नवऱ्याकडे गेले. जाताना बाबांना म्हटलं, "आता तुमचे कटलेट बंद." ते म्हणाले, "बघ, वाळून काटकी होईन."

दहाव्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. आईचा नाही, काकूंचा. बाबा दुकानात पुठ्ठा कापत होते, पातं अंगठ्याला लागलं. बाइंडरच्या बोटाला पातं लागणं म्हणजे काय मोठंसं, त्यांची बोटं सगळी अशा रेषांनी भरलेली. त्यांनी चिंधी गुंडाळली. चिंधी भिजली. दुसरी गुंडाळली, तीही भिजली. मग नाकातून सुरू झालं. आई पाळणाघरातून धावत गेली तेव्हा दुकानात एका कचेरीची कोरी रजिस्टरं गठ्ठ्याने ठेवलेली, त्यांच्या वरच्या पानांवर सगळे लाल डाग, आणि बाबा स्टुलावर मान वर करून बसलेले. "काही नाही गं, थांबेल," म्हणत होते. शर्ट काढला तर दंडांवर, बरगड्यांवर काळेनिळे डाग. आठवडाभर दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात न सांगण्याची साथच आलेली.

मी सहा तासांचा प्रवास करून थेट रुग्णालयात पोचले. बाबा पलंगावर, नाकात बोळे, अंगठ्याला हे एवढं बँडेज. चेहरा त्यांच्या दुकानातल्या कोऱ्या कागदासारखा. आई शेजारच्या स्टुलावर बसलेली, पाळणाघरातला ॲप्रन तसाच अंगावर. बाबांच्या डॉक्टरीणबाई हातात तक्ता घेऊन उभ्या.

"नऊ पूर्णांक एक," त्या म्हणाल्या. "आकडा. मेंदूत रक्तस्राव झाला असता तर आपण इथे बोलत बसलो नसतो. मला एक सांगा. आधी आकडा चढतच नव्हता, म्हणून मी डोस जवळजवळ दीडपट केला. आणि आता एकदम नऊ! गेल्या दहा दिवसांत घरात काय बदललं?"

"काहीच नाही," आई म्हणाली. "पोरगी गावाला गेलेली, तेवढंच."

"तिच्या जाण्याने जेवण बदललं?"

"यांचं नाही. तिचं वेगळं करत होते, ते बंद झालं."

"तिचं म्हणजे काय?"

"कटलेट."

"कशाचे?"

"बीटाचे."

"नुसत्या बीटाचे?"

आईने हातातला रुमाल एकदा ह्या बाजूने दुमडला, एकदा त्या बाजूने. मग माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे, आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "हिच्यासमोर सांगू?"

मला काही कळेना. माझ्यासमोर काय सांगायचं नाही?

"सांगा हो," डॉक्टरीणबाई वैतागल्या.

"पालक," आई म्हणाली. "रोज एक जुडी. उकडून, घट्ट पिळून, वाटून. आणि वर दोन चमचे वाळवलेल्या पाल्याची पूड. मीच वाळवते, सावलीत. हिला पाला बघितला की उलटी होते, आणि पोटात बाळ. काय करणार मी? बीटाने रंग झाकतो. पण डॉक्टर, यांना मी त्यातला कण नाही दिला. लेकीची शपथ. तवासुद्धा वेगळा ठेवला."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नाकात बोळे होते म्हणून तोंड आधीच उघडं होतं, ते आणखी उघडलं. मी पलंगाची कड धरली.

"आई," मी म्हटलं, "ते बाबाच खात होते."

"काय खात होते?"

"कटलेट. सगळे. रोज चार."

आईला कळायला वेळ लागला. ती बोटं मोजायला लागली. अंगठ्याने एक एक पेर, जुड्या मोजत असेल. मग थांबली. "म्हणजे तुझ्या पोटात काहीच गेलं नाही?" तिने मला विचारलं. आणि मग बाबांकडे वळून, "आणि तुमच्या पोटात सगळं?"

मला वाटलं आता ती मला बोलेल. बोलायलाच हवं होतं, मी वाट बघत होते. मी तर रागावलेच होते, कुणावर ते मलाच समजेना. आईवर, की हिने मला दोन वर्षांचं पोर समजून फसवलं. स्वतःवर, की दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून मी पगार घेते आणि माझ्याच डब्यात काय आहे ते मला दिसलं नाही. बाबांवर, की एवढी कडवट चव लागली नाही का तुम्हाला? हे मी मोठ्याने म्हटलंसुद्धा. बाबा बोळ्यांतून म्हणाले, "लागली. वाटलं, तळताना करपलेत. तिला कसं सांगणार?"

डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. त्यांनी तक्त्यावरचे ठिपके पेनने जोडले. कटलेट सुरू, आकडा खाली. डोस वर, कटलेट चालूच. कटलेट बंद, डोस तसाच, ताटात तर हिरवं काही उरलेलंच नाही, आकडा गगनात. "कमाल आहे तुम्हा लोकांची," त्या म्हणाल्या. "तिघांना तीन गोष्टी माहीत. एकाने तरी तोंड उघडायचं." मग त्यांनी सिस्टरांना हाक मारली आणि बाबांना औषध द्यायला सांगितलं. कसलं औषध, म्हणून मी विचारलं. तर म्हणे त्याच जीवनसत्त्वाचं, जे पाल्यात असतं. अगदी थोडं, मोजून, कारण जास्त दिलं तर उलट झडपेवर गुठळी.

"पाल्यातलंच?" आई उठून उभी राहिली. "मग मी घरून करून आणू?"

"नको!" आम्ही तिघेही एकदम ओरडलो.

आई परत बसली. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. जे विष म्हणून तिने नवऱ्याच्या पातेल्यापासून हातभर लांब ठेवलं, तेच तिच्या हाताने त्याच्या पोटात गेलं. आणि आता त्याचं रक्त थांबावं म्हणून तेच औषध. कुणाचंही डोकं फिरेल. माझं तर अजून पूर्ण जागेवर आलेलं नाही.

पाच दिवसांनी बाबा घरी आले. निघताना डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून समजावलं. पाला पूर्ण बंद करू नका, तेच चुकलं होतं. या वयात यांनाही तो हवा. रोज एक छोटी वाटी. पण रोज तेवढीच. सोमवारी दोन वाट्या आणि मंगळवारी शून्य, असं नको. आपण गोळी त्या वाटीच्या हिशेबाने बसवू. मुलीला मात्र जास्त, आणि वर लिंबू. "आणि मुख्य म्हणजे," त्या म्हणाल्या, "कशात काय आहे ते खाणाऱ्याला माहीत असलं पाहिजे."

"खाणाऱ्याला?" आईने विचारलं. तिने ते दोनदा विचारलं.

घरी आल्यावर तिने स्वयंपाक केलाच नाही. म्हणजे भात टाकला, अंडी उकडली, बाहेरून पाव आणला. मिक्सर ओट्यावर कपड्याने झाकून ठेवला. पाळणाघरात रजा टाकली. मी म्हटलं, "आई, जाऊ दे ना, चूक सगळ्यांचीच." ती "हं" म्हणायची आणि उगाच ओटा पुसत राहायची. मीठ किती घालायचं तेसुद्धा मला विचारलं. मिठाचा अंदाज! माझ्या आईने! मला रडूच आलं, आणि रडू आलं की मी चिडते. "तुला वेड लागलंय का?" असं मी तिच्यावर खेकसले आणि मग खोलीत जाऊन रडले.

चौथ्या दिवशी सकाळी घरात शिजणाऱ्या पालकाचा वास आला. मोरीकडे न धावता मी उठून बाहेर आले. बाबा टेबलाशी बसलेले. आई समोर उभी, हातात पातेलं, त्यात हिरवागार पाला. वाटलेला नाही, लपवलेला नाही. पानं न् पानं ओळखू येत होती. ती वाढत मात्र नव्हती. नुसती उभी होती.

"काय झालं गं?" बाबा म्हणाले.

"मला जमत नाही," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं पोरांना फसवून घालतेय, तुम्हालाही तरुणपणी घातलंय, हिला तर लहानपणापासून. लोक म्हणतात मावशी हुशार. कसली हुशार? मला भीती वाटते. काय आहे ते खरं सांगितलं तर माझ्या हातचं कुणी खाणार नाही, ही भीती. म्हणून मी कधी सांगितलंच नाही. आणि त्यापायी तुमचा जीव गेला असता."

बाबांच्या अंगठ्याला अजून पट्टी होती. त्यांनी त्याच हाताने ताट पुढे सरकवलं.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पालक. एक वाटी. तेल, लसूण, मीठ. दुसरं काही नाही."

"वाढ," बाबा म्हणाले.

तिने वाटीने मोजून वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरा घेतला. मी नाक दाबून माझं ताट पुढे केलं.

"मलाही. आणि या वेळी मीच खाणार आहे."

"खा," आई डोळे पुसत म्हणाली. "मी इथून हलत नाही."